काचेला चिकटलेला चेहरा

आमच्या बिल्डिंगच्या मागच्या जास्वंदीत काहीतरी आहे, ही बातमी अंधेरीच्या आमच्या गल्लीत पसरली ती माझ्यामुळे.

माझा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने येताना माझ्यासाठी एक कॅमेरा आणला आणि घरातल्या एका बऱ्या चाललेल्या माणसाची वाट लागली. आधी मी सगळ्यांचे फोटो काढले. मग घरचे कॅमेरा दिसला की दुसऱ्या खोलीत जायला लागले, म्हणून मी फुलांकडे वळलो. फुलं उठून जात नाहीत. अगदी जवळून फोटो काढता यावा म्हणून लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची एक भिंगाची चकती मी मिळवली होती. ती लावून एका दुपारी त्या जास्वंदीवर अख्खा रोल संपवला.

फोटो धुऊन आले तर प्रत्येक फुलाच्या मधोमध एक काळा गोल. पेल्याचं बूड टेकवून ठेवावं तसा. फूल लालभडक, पाकळीवरच्या शिरा मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ, आणि मध्ये तो काळोख. मी घाबरलो नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. मी ते फोटो घेऊन तळमजल्यावरच्या काकूंकडे गेलो. काकूंनी एकेक फोटो बघितला, परत दिला आणि आत जाऊन हात धुऊन आल्या.

"त्या झाडाशी मला पहिल्यापासून बरं वाटत नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जास्वंदीच्या बुंध्याशी लिंबू आणि मिरच्या. आठवडाभरात नारळ. कुणी त्या झाडाचं फूल तोडेना, आणि आमच्या देवांना कण्हेरीवर भागवावं लागलं. बायको रोज पूजेच्या वेळी कण्हेरीचं फूल माझ्यासमोर धरायची आणि मग देवाला वाहायची, बस.

माझा एक मित्र स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ चालवायचा. लग्नाचे, मुंजीचे, पासपोर्टचे फोटो. त्याला ते जास्वंदीचे फोटो दाखवले. तो काउंटरवर डोकं ठेवून हसला.

"अरे यार, हे भूत नाय. तू आहेस."

"मी?"

"सूर्य तुझ्या पाठीशी. लेन्सचं तोंड फुलापासून दोन बोटांवर. सावली पडणार कुठे? लेन्स गोल, तर सावली गोल."

"मग मला कॅमेऱ्यातून दिसली कशी नाही?"

"दिसत होती रे. तू बघत नव्हतास. तुझं सगळं लक्ष त्या परागांवर."

मी येऊन काकूंना हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माणसाची सावली माणसासारखी पडते हो. गोल कशी पडेल?" लिंबू-मिरच्या पुढेही बरेच दिवस चालू राहिल्या.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच पावसाळ्यात आमच्या सासूबाईंना बुरशी लागली.

म्हणजे त्यांच्या फोटोला. सासूबाईंना मी कधी पाहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर बायकोनेही नाही. ती वर्षाचीसुद्धा नव्हती तेव्हा तिची आई गेली. मागे राहिला तो एक फोटो. दुसरा कुठेही, कुणाकडेही नाही. हॉलमधून स्वयंपाकघरात जायच्या वाटेवर तो टांगलेला असायचा. नऊवारीतली एक बाई खुर्चीत बसलेली, मागे पडद्यावर रंगवलेला महाल आणि तळं, मांडीवर तान्हं मूल. ते मूल म्हणजे माझी बायको. फोटो काढताना ते हललं होतं, त्यामुळे अंगड्याच्या वर तोंडाच्या जागी नुसता एक पांढुरका गोळा. आमची मुलगी त्याला 'दुधीभोपळा' म्हणायची. आईचा चेहरा मात्र स्वच्छ. हरभऱ्याएवढाच, पण डोळे, नाक, कपाळावरचं कुंकू सगळं रेखीव. फ्रेमला चंदनाचा हार. बायको रोज दिवा लावून झाला की देवांना, आणि मग या फोटोला नमस्कार करायची. त्यात तिने कधी खाडा केलेला मला आठवत नाही.

बायको आईसारखीच दिसते, असं बघणारा प्रत्येक जण म्हणायचा. आणि ते खरं होतं. तेच गालाचं हाड, त्याच भुवया.

आमच्या मुलीला तो फोटो आवडायचा नाही. रात्री सोडा, भर दुपारीसुद्धा पाणी प्यायला जाताना ती टॉवेल डोक्यावरून घ्यायची. "आजी बघते," म्हणायची. "मी इकडे गेले की इकडे बघते, तिकडे गेले की तिकडे." मी तिला समजावलं की समोर बघणाऱ्या कुठल्याही फोटोत असं होतं. समजावून झाल्यावर मी स्वतः स्वयंपाकघरात गेलो, आणि जाताना भिंतीकडे बघितलं नाही, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

तर त्या फोटोला बुरशी लागली. खालच्या कोपऱ्यातून ती वर चढत होती, झाडाची मुळं पसरावीत तशी, पण उलटी. पदर तिने खाल्ला होता, खांद्यापर्यंत आली होती. बायको दर दोन-तीन दिवसांनी बोट लावून बघायची कुठवर आली ते. मोजायची नाही, नुसतं बोट ठेवायची.

"हा पावसाळा संपेपर्यंत तोंडापर्यंत जाईल हो," ती एकदा म्हणाली. तिचा आवाज साधाच होता. मला तो साधेपणा सहन झाला नाही.

मित्राकडे फ्रेम घेऊन गेलो. त्याने मागची पुठ्ठ्याची पाठ उघडली, बघितली आणि पुन्हा लावून टाकली. इतक्या वर्षांच्या दमट हवेने फोटो समोरच्या काचेला चिकटला होता. सोडवायला गेलं तर चेहरा काचेवर राहिला असता आणि हातात नुसता कागद आला असता.

"काचेतूनच कॉपी करायला पाहिजे," तो म्हणाला. "ठेवून जा. बघतो."

फ्रेम घराबाहेर रात्रभर ठेवायला बायको तयार नव्हती. "स्टुडिओत नको. दुसरी नाहीये माझ्याकडे," ती म्हणाली. म्हणजे काम घरी करायचं, मी करायचं. ती चकती इथे चालणार नव्हती, तिने कडा वितळल्यासारख्या दिसतात. अगदी जवळून फोटो काढणारी खरी मॅक्रो लेन्स हवी. मित्राकडे विकायला आलेल्या दोन होत्या, दोन्ही माझ्या कॅमेऱ्याच्या आट्यांवर बसणाऱ्या. एक आखूड, एक लांब.

"दोन्हीतून वस्तू तेवढीच मोठी दिसते," त्याने समजावलं. "फरक एवढाच, आखूडवाली घेतलीस तर तोंड लावायला जावं लागेल. लांबवाली वीतभर मागे राहून तेच काम करते."

"मग लांबच बरी. सावलीचा प्रश्न नाही."

"थांब ना. ती जड आहे. जराशी हलली, तू नुसता श्वास घेतलास, की फोटो गेला. स्टँड पाहिजे, धीर पाहिजे. तुझ्याकडे दोन्ही नाही. स्टँड माझा ने." मग दोन्ही लेन्सच्या डब्या त्याने माझ्या पिशवीत टाकल्या. "रविवारी दोन्ही लावून बघ. एक ठेव, एक परत आण. आणि भुतं काढलीस तर मला पहिल्यांदा दाखव."

लेन्स निवडायची म्हणजे आधी हात बसवायला हवा. ऑफिसातून आलो की मी घरातल्या वस्तू बघत सुटलो. आणि इथे मला थोडं जपून लिहायला हवं, कारण तेव्हा मी हे कुणाला बोललो नव्हतो. त्या लेन्सेसमधून आमचं घर आमचं राहत नसे. गुळाच्या खड्यावर बसलेली माशी बघितली, तर ती हात चोळत होती, एखादा सावकार बसावा तशी, आणि तिच्या डोळ्यांत मला कुठेही बघायची जागा सापडेना. मुलीच्या गुडघ्यावरची खपली म्हणजे कोरडं पडलेलं तळं. बायकोच्या मंगळसूत्राचा मणी काळा नव्हता, त्यात आमची खिडकी होती, खिडकीचे गज होते, आणि गजांच्या आत कुणीतरी उभं होतं. तो मीच. पण ते कळायला एक क्षण गेला, आणि तो क्षण चांगला नव्हता.

ट्यूबलाइटमागच्या पालीवर आखूड लेन्स रोखली की ती पळून जायची. लांब लेन्सने मात्र ती थांबली. तिच्या गळ्याची कातडी धडधडत होती. मी बघत राहिलो. मग लक्षात आलं, तीही बघत होती.

"त्या पालीला तरी सोडा," बायको आतून म्हणाली.

याच सुमारास आत्या चार दिवस राहायला आल्या. आत्या म्हणजे बायकोची आत्या, तिच्या वडिलांची बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला म्हणून माहेरी परतलेल्या, आणि भावजय गेल्यावर तिचं तान्हं मूल त्यांनीच वाढवलं. बायकोने आई म्हणून जो हात ओळखला तो त्यांचा. त्या बोरिवलीला राहायच्या, बसने एकट्या यायच्या, आणि आल्या की आधी माझा वजनावरून समाचार घ्यायच्या.

एक सवय मात्र त्यांची मी लग्नापासून बघत आलो होतो. हॉलमध्ये त्या नेहमी फोटोच्या भिंतीला पाठ करून बसायच्या. आम्ही खुर्ची फिरवली तरी त्या ती पुन्हा फिरवून घ्यायच्या. "वारा लागतो," म्हणायच्या. पंखा मात्र वर छताला होता.

फोटोची कॉपी करणार हे ऐकल्यावर त्यांनी हातातली शेंग तशीच खाली ठेवली. त्या गवार मोडत होत्या.

"फोटोचा फोटो काढतात होय?"

"अगं आत्या, बुरशीने खाल्ला ना सगळा," बायको म्हणाली. "निदान चेहरा तरी राहील."

"जे जातंय ते जाऊ द्यावं गं."

"असं काय बोलतेस? माझ्याकडे दुसरं आहे काय तिचं?"

उरलेली गवार आत्यांनी न बघता मोडली, आणि रात्री जेवताना आमच्या सगळ्यांच्या तोंडात शिरा आल्या.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असायचं. मी घरी आलो तर दार नुसतं लोटलेलं. बायको आणि मुलगी बाजारात गेल्या होत्या. आत चपला काढताना मला आत्या दिसल्या. फोटोसमोर उभ्या. इतकी वर्षं ज्या फोटोला पाठ करून बसल्या, त्याच्यासमोर अगदी जवळ, नाकाला काच लागेल इतक्या. त्यांनी कानामागे केस सारले. मान थोडी डावीकडे कलवली, मग उजवीकडे. मग एक बोट उचलून कपाळाच्या मधोमध, न टेकवता, नुसतं धरलं. बायका आरशासमोर उभ्या राहतात तशा त्या उभ्या होत्या.

फोटोतली बाई त्यांच्याकडे बघत होती. ती सगळ्यांकडेच बघायची, हे मला माहीत होतं. तरी माझ्या हातातली चप्पल मला खाली ठेवता येईना.

"आलात का जावईबापू?" त्या मागे न वळता म्हणाल्या. "चहा ठेवते."

त्या चहात साखर नव्हती. मी मागितली नाही.

रविवारी सकाळी गॅलरीच्या दाराशी उजेडात पाट मांडला, त्यावर फ्रेम आडवी ठेवली. हार काढून बायकोने ताम्हनात ठेवला. आत्या म्हणाल्या, त्यांना देवळात जायचंय, दुपारी तिथेच कीर्तन आहे, संध्याकाळी येतील. आणि गेल्या.

आधी आखूड लेन्स. काचेतून फोटो काढायचा तर काचेत आपलंच प्रतिबिंब येतं, म्हणून जुन्या छत्रीचं काळं कापड काढून, त्याला लेन्सएवढं भोक पाडून बायको ते धरून बसली होती. मी वाकलो. लेन्स इतकी जवळ न्यावी लागत होती की काचेत तिचा काळा गोल नेमका सासूबाईंच्या चेहऱ्यावर बसला. कुठूनही बघा, तो गोल तिथेच. जास्वंदीतलं भूत आता घरात आलं होतं.

"अहो," बायको म्हणाली, "तुमचं टक्कल दिसतंय तिच्या पदरात."

टक्कल टाळून, मी खालच्या भागाचे चार-दोन फोटो घेतले. मांडी, मूल, हात. मग मित्राचा स्टँड लावला आणि लांब लेन्स चढवली. ही वीतभर मागे राहिली, गोल सरकला, काच निवळ झाली. मी आधी अख्खी बाई घेतली. मग नुसता चेहरा. मग लेन्स पुढे सरकवत सरकवत जितकं जाता येईल तितकं आत.

चेहरा मोठा व्हायला हवा होता. तो मोठा झाला नाही, तो विस्कटला. नाक होतं ते नाहीसं झालं. भुवई राहिली, पण ती केसांची नव्हती. मला वाटलं फोकस चुकला. मागे आलो, बाई होती. पुढे गेलो, नव्हती. डोळे मात्र दोन्हीकडून बघत होते.

"दिसतेय का नीट?" बायकोने विचारलं.

"दिसतेय," मी म्हणालो, कारण मला अजून काय दिसलं ते माहीत नव्हतं.

फिल्म धुऊन पंख्याखाली वाळवली. चारच्या सुमारास मोरीच्या खिडकीवर गोधडी लावली, मित्राकडून आणलेलं, फोटो मोठा करून छापायचं एन्लार्जर पाटावर उभं केलं आणि लाल दिवा लावला. फोटो घरी छापायचं वेड मला तेव्हा नवं होतं. बायको दाराबाहेर बसली. मुलगी खाली खेळायला गेली होती. मोरीत औषधाचा वास, नळाची थेंब थेंब, आणि ट्रेमध्ये एक कोरा पांढरा कागद.

ज्याने हे केलं असेल त्याला माहीत असतं, कागदावर चित्र हळूहळू उगवतं, सगळं एकदम, धुक्यातून यावं तसं. तसं झालं नाही. कागद पांढराच होता, आणि त्यात आधी दोन डोळे आले. नुसते डोळे. मग त्यांच्या वर, कपाळाच्या जागी, कुंकू. बाकी चेहरा नाही, केस नाहीत, काही नाही. पाण्याखालून दोन डोळे आणि एक कुंकू माझ्याकडे बघत होते, आणि मागाहून, आपण उशिरा आलो अशा संकोचाने, गाल आले, साडी आली, खुर्ची आली.

मी ट्रेपासून मागे सरकलो तो बादलीत बसलो.

"काय पडलं?" बाहेरून बायको.

"मी."

"आली का ती?"

"येतेय, येतेय."

मग मी अगदी आतून घेतलेला फोटो छापला आणि मला कळलं. जे सर्वांत काळं असतं ते आधी उगवतं. डोळे आणि कुंकू सर्वांत काळे होते, कारण ते शाईचे होते. हातभर मोठ्या झालेल्या त्या चेहऱ्यावर ब्रशचा एकेक फराटा दिसत होता. पापण्या वेगवेगळ्या काढलेल्या, एक-दोन पापण्या डोळ्याच्या बाहेर गेलेल्या. नाक म्हणजे एकच वळण. कान नव्हताच, तिथे केस रंगवून टाकले होते. आणि या सगळ्याच्या मागे, काचेवर कुणी श्वास सोडावा तसा एक करडा पट्टा, वरून खाली तिरका ओढलेला. तो खरा होता. एवढंच खरं होतं.

मी दार उघडलं. बायको आत आली, पदर खोचून ट्रेवर वाकली. लाल उजेडात तिचं तोंड, पाण्यात ते तोंड. तेच गालाचं हाड, त्याच भुवया.

ती म्हणाली, "हे काढलंय कुणीतरी."

"हो."

"मग ही कोण आहे? माझ्यासारखी दिसते ती?"

दोघं तसेच ओल्या मोरीत उभे राहिलो. मोरीच्या लाल उजेडात आपण इतकी वर्षं कुणाबरोबर राहतोय असा प्रश्न माणसाला पडू शकतो, आणि तो मला पडला, आणि तो भिंतीवरच्या बाईबद्दल होता.

दिवेलागणीला आत्या आल्या. दोऱ्यावर चिमटे लावून वाळत घातलेले फोटो त्यांना दारातूनच दिसले. त्या आत येऊन बसल्या, आणि पहिल्यांदाच, भिंतीकडे तोंड करून.

"आत्या," बायको म्हणाली, "हा चेहरा आईचा नाहीये."

"नाही."

"कोणाचा आहे?"

आत्यांनी पदराने मान पुसली. "माझा."

पुढचं त्यांनी फार वळणं न घेता सांगितलं. फोटोवाल्याने डोकं कापडात घातलं, नळी दाबली, आणि नेमकी माझी बायको रडायला लागली. आईने खाली बघितलं. "फोटोवाला ओरडला, बाई, समोर बघा, समोर. तोवर झालं होतं. म्हणाला, पुन्हा कधी या, दुसरा काढू. पुन्हा कसलं जाणं, महिन्याभरात ती तापाने गेली. मग दादा फोटो आणायला गेला तर तुझं तोंड गेलेलं, तिचंही तोंड गेलेलं. तोंडाच्या जागी नुसता धूर. दादा तिथेच खाली बसला म्हणे. फोटोवाला म्हणाला, तिच्या वळणाचं कुणी असेल तर समोर बसवा, मी काढून देतो. माझी नि तिची चण सारखी होती. दादा मला घेऊन गेला."

"आणि कुंकू?" बायकोने विचारलं.

"ते त्याने मनानेच लावलं. सवाष्णीचा फोटो, बिनकुंकवाचा कसा चालेल? माझं तर कधीच पुसलं होतं." आत्या म्हणाल्या. "तुझ्या बाबाने सांगितलं, पोरीला कळू द्यायचं नाही. तिला आई हवी. मग त्या फोटोला हार घातला. मी जिवंत, आणि माझ्या तोंडाला चंदनाचा हार. पहिली काही वर्षं घास उतरायचा नाही माझा. जिवंत माणसाला हार घालतात का कधी? वाटायचं, माझे दिवस कुणीतरी आधीच मोजून ठेवलेत."

"मग बोललीस का नाहीस गं?"

"तू रोज नमस्कार करायचीस ना तिला." मग त्या खाली बघून म्हणाल्या, "आणि खरं सांगू? कुंकू लावलेली मी दुसरीकडे कुठे बघायला मिळणार होते?"

त्या शनिवारचं, कपाळासमोर धरलेलं बोट मला आठवलं. मी चहा ठेवायला आत गेलो. आमच्या घरात चहा मी ठेवतो तेव्हा काहीतरी मोठं झालेलं असतं.

दुसऱ्या दिवशी आत्यांना बोरिवलीच्या बसमध्ये बसवून मी आलो तर बायको दोऱ्याखाली उभी होती. सगळे फोटो तसेच होते. चेहऱ्याकडे ती बघत नव्हती. आखूड लेन्सने घेतलेल्या, मी विसरूनच गेलेल्या एका फोटोसमोर ती उभी होती. त्यात मांडीवरच्या बाळाच्या पोटावर ठेवलेला हात होता. ब्रश तिथवर पोचला नव्हता, त्या माणसाला हातात काही दुरुस्त करायची गरज वाटली नव्हती. बुरशीही नव्हती. कातडीवरच्या बारीक रेघा, नखांच्या कडा, दोन काचेच्या बांगड्या. आणि करंगळी, शेवटच्या पेरात आत वळलेली. बायकोचीही तशीच आहे. कासार बांगड्या भरताना नेहमी म्हणायचा, ताई, हे बोट कुठून आणलं? ती म्हणायची, दारात चेंगरलं असेल लहानपणी. कुणी सांगितलंच नव्हतं तिला.

तिने आपला हात त्या फोटोशेजारी धरला होता. मी आल्याचं कळूनही काढला नाही.

मला वाटलं आता रडेल. मी रुमाल चाचपायला लागलो. माझ्या खिशात लेन्सचं झाकण निघालं.

"मित्राला आज एक लेन्स परत द्यायचीय," मी म्हणालो, कारण अशा वेळी मी असंच काहीतरी बोलतो. "कुठली ठेवू?"

"हा हात कुठल्या लेन्सने काढलात?"

"आखूड."

"मग ती ठेवा. लांब द्या परत." मग हात खाली घेऊन ती ताम्हनातला चंदनाचा हार उचलायला गेली. "हा हात मोठा करून आणा, तिथे पलीकडे लावू. आणि ती जुनी फ्रेम जिथे होती तिथेच टांगा. हार नका घालू आता तिला, पण रोजचा नमस्कार मी करणार. फक्त आत्याला सांगू नका हं. जिवंतपणी कुणी आपल्या फोटोला नमस्कार करतंय म्हटलं तर घाबरायची बिचारी, पुन्हा आपल्याकडे यायची नाही."